लाल बंद, वेचणी होईपर्यंत

उद्या तुमची तेरवी. आचाऱ्याला सांगून झालं, अंगणात मंडप उभा राहतो आहे, आणि तुमच्यावर बोलायला चार वक्ते आपण होऊन तयार आहेत. मी बोलावं अशी कोणाची अपेक्षा नाही. मी फोटोशेजारी बसायचं आहे. म्हणून आजच बोलून घेते, तुमच्या दवाखान्यातल्या टेबलाशी बसून, कागदावर.

हे मी तन्वी आणि ओजसलाही पाठवणार आहे. परवा दोघांनी ओटावाहून फोनवर विचारलं, आजोबा कशाचे डॉक्टर होते? आपल्या लेकीनं पलीकडून सांगितलं, गरिबांचे. उत्तर गोड आहे, पण अपुरं आहे. नातवंडांना पुरं उत्तर मिळायला हवं. तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही त्यांच्यासाठी पुन्हा सांगेन, तेवढं चालवून घ्या.

मी तुमच्यावर रागावले आहे. गेले बारा दिवस लोक माझा चेहरा पाहतात आणि त्याला दुःख म्हणतात. दुःख आहेच. काल एका गावाचं नाव आठवेना तर मी सरळ "अहो" म्हणून आत हाक मारली. पण सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा जे येतं, ते दुःख नसतं.

बसायला येणारं प्रत्येक माणूस एकच शब्द घेऊन येतं. देवमाणूस. चिखलीच्या बाजारातला अडत्या तोच म्हणाला, धाडहून जीपनं आलेल्या म्हाताऱ्या तोच म्हणाल्या. सगळे तुमच्या चहाची गोष्ट सांगतात. क्षयाच्या रोग्याचा कप त्या काळी घरोघरी वेगळा असायचा, वर फळीवर, उपडा घातलेला. तुम्ही घरात शिरलात की आधी तो कप मागायचात आणि त्यातून चहा प्यायचात. मग रोग्याच्या सासूला, भावाला, शेजाऱ्याला काही सांगायची गरज उरत नसे.

गोष्ट खरी आहे, मी साक्षीदार आहे. लग्न होऊन पुण्याहून इकडे आले त्याला दोन महिनेही झाले नव्हते. तुमच्याबरोबर एका घरी गेले आणि पुढ्यात आलेला चहा मी नको म्हटला. आपण परतलो. घराचं कुलूप काढताना म्हणालात, "त्या बाईनं तुझ्याकडं पाह्यलंच नाही. कपाकडं पाहत होती." त्यानंतर मी कुठल्याही घरचा चहा नाकारला नाही. माणसाकडं कसं बघायचं हे मी तुमच्याकडून शिकले. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि राग त्यामुळं कमी होत नाही, वाढतो.

क्षयाचं औषध कसं काम करतं तेही तुम्हीच मला शिकवलंत. मुलांनो, हे नीट वाचा. या रोगावर पहिलं औषध आलं ते इंजेक्शन होतं, एकटंच. रोगी खाटेवरून उठायचे, अंगावर मांस धरायचे, घरी चालत जायचे. काही महिन्यांनी तोच खोकला घेऊन परत यायचे, आणि आता ते इंजेक्शन लागू पडायचं नाही. कारण फुप्फुसात जंतू कोट्यवधी असतात आणि त्यातल्या मोजक्या जंतूंवर त्या औषधाचा परिणामच होत नाही. बाकीचे मेले की या मोजक्यांना सगळं रान मोकळं. मग डॉक्टरांनी पहिल्या औषधाला दुसरं जोडलं, कारण एकातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. नंतर तिसरं जोडलं. दीड-दीड वर्ष औषध चालायचं, पोटात आग पडायची, सुया टोचून कंबर सुजायची. पुढं लाल गोळी आली, रिफाम्पिसिन, आणि दीड वर्षाचं काम सहा महिन्यांवर आलं. नियम मात्र तोच राहिला. सगळी औषधं एकत्र घ्यायची, आणि शेवटपर्यंत घ्यायची.

तुम्ही हे मला रानडुकरावरून समजावलं होतं. शेतात शिरलेलं डुक्कर घेरायचं तर चारी बांधांवर माणूस पायजे, म्हणालात. एक बांध मोकळा ठेवला तर ते तिथूनच जाते, आन् दुसऱ्या दिवशी तोच रस्ता धरून येते. मी हसले होते. मी तेव्हा इंग्रजीची एम.ए. होते आणि माझ्या कुठल्याही प्राध्यापकानं मला काही इतकं स्वच्छ समजावून दिलेलं नव्हतं.

तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, असं मला कोणी सांगू नये.

सकाळी कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी दवाखान्यात तुमच्या शेजारी बसून रोग्यांची कार्डं लिहायची, असा माझा तीस वर्षांचा नेम होता. तुमचं अक्षर औषधाच्या दुकानदारालाही लागत नसे. कार्ड मराठीत असावं, टपोऱ्या अक्षरात असावं, चौथी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं, हा आग्रह माझा. त्याचा मला फार अभिमान होता. एक कार्ड रोग्याला, एक आपल्या कपाटात.

आता नजमाचं सांगते. धाडच्या रस्त्यावर एका गावात पिंजाऱ्यांची दोन घरं आहेत, गाद्या-रजया भरणारी. त्यातल्या सलीमची ती बायको. घरात बारा महिने कापसाचे तंतू उडत असायचे, त्यामुळं त्या घरात खोकणाऱ्या माणसाला कोणी विचारतच नसे. कापूस बसला छातीत, म्हणायचे आणि गूळ खायला द्यायचे. नजमा खोकायला लागली तेव्हा तुम्हीही दोन महिने खोकल्याचं औषधच दिलंत. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, चूक कोणाचीही होते. नंतर थुंकी तपासली आणि क्षय निघाला.

बीटी कापूस आपल्याकडं नवा होता ती वर्षं. ज्याच्याकडं दोन एकर होते त्यानंही दोन्ही एकरांत कापूसच लावला होता. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळत होत्या, पण एक दिवसाआड तिथं जाऊन समोर गिळायच्या, असा नियम. नजमा हंगामात वेचणीला जायची. बायकांची टोळी सकाळी दव सुकायच्या आत गाडीत बसून निघायची, आणि जी एक दिवसाआड चुकेल तिला टोळीत कोण ठेवणार? शिवाय सासूचं म्हणणं, केंद्रात गेली की गावात बोभाटा होईल आणि धाकट्या नणंदेचं जमत आलेलं लग्न मोडेल. म्हणून ती आपल्याकडं आली. तुम्ही तिच्या घरी जाऊन तिच्या कपातून चहा पिऊन आलात आणि गोळ्या सुरू झाल्या.

लाल गोळीनं लघवी लाल होते. औषध अंगातून जातं त्याचा तो रंग, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तुम्ही तिला सांगितलंही होतं. पण तुम्ही ते तिला दवाखान्यात सांगितलंत, आणि पाहिलं ते शेतात टोळीतल्या पंधरा बायकांनी, कपाशीच्या ओळीमागं. संध्याकाळपर्यंत बातमी सासूकडं पोचली की सुनेच्या पोटात रक्त होऊन राह्यलं. त्यात रिकाम्या पोटी गोळ्या आणि डोक्यावर ऊन, तिला ओकाऱ्या होत होत्या. तिसऱ्या आठवड्यात नजमानं येऊन सगळ्या गोळ्या या टेबलावर ठेवल्या. म्हणाली, "साहेब, मी सोडल्या."

तुम्ही तिला बसवलंत. रागावला नाहीत. म्हणालात, "सगळ्या नको सोडू माय. लाल तेवढी सोड. वेचणी झाली का मंग चालू करू."

मी कार्ड लिहीत होते. मी पेन खाली ठेवलं आणि तुमच्याशी इंग्रजीत बोलले. हे चूक आहे, तुम्हाला माहीत आहे की हे चूक आहे, एक तर सगळ्या द्या नाहीतर तिला केंद्रात पाठवा, असं सगळं. इंग्रजीत बोलले ते तिला कळू नये म्हणून. डॉक्टर आणि बाई भांडताहेत हे रोग्यापुढं बरं दिसत नाही म्हणून. तिच्या फुप्फुसांविषयी तिच्यासमोर बसून मी अशा भाषेत बोलत होते जी त्या खोलीत फक्त तिला येत नव्हती. तुम्ही मात्र मला तिच्या भाषेत उत्तर दिलंत.

"नाहीपेक्षा अर्धं बरं, मास्तरीणबाई. लिहा आता."

नजमा पदर तोंडाला लावून हसली. साहेबांनी बाईंना दटावलं म्हणून. आणि मी लिहिलं. लाल बंद, वेचणी होईपर्यंत. टपोऱ्या अक्षरात.

नाहीपेक्षा अर्धं बरं. आपल्या भागात या वाक्याला कोण नाही म्हणेल? अर्ध्या भाकरीवर, अर्ध्या पावसावर, अर्ध्या पिकावर इथल्या पिढ्या निघाल्या. तुम्ही त्यातलेच, म्हणून तुम्हाला ते बोलायला इतकं सोपं गेलं. पण या एका रोगात अर्धं हे नाहीपेक्षा वाईट आहे. काहीच दिलं नाही तर रोगी आजारी राहतो, पण जंतू साधा राहतो, आणि जेव्हा औषध सुरू होईल तेव्हा ते लागू पडतं. अर्धं दिलं की आपण जंतू पाळतो. त्याला औषधाची सवय लावतो. हे तुम्ही मला शिकवलेलं मी तुम्हाला परत सांगत होते, आणि तुम्ही मला मास्तरीणबाई म्हणून गप्प केलंत.

पुढं जे झालं त्यात कापसाचा हात होता. आधी आपल्याकडं वेचणी संक्रांतीच्या आत उरकायची. तुमच्या डोक्यात तोच हिशोब होता, दोन-अडीच महिने. पण त्या वर्षी भाव पडला आणि शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या उपटल्याच नाहीत. पाणी दिलं, खत दिलं, त्याच झाडांना पुन्हा बोंडं येऊ दिली. फरदड म्हणतात त्याला. पहिल्या वेचणीत जे हाती लागलं नाही ते फरदडीतून काढायचं, म्हणून टोळ्या होळीपर्यंत शेतात जात राहिल्या. कार्डावर तर लिहिलं होतं, वेचणी होईपर्यंत. नजमानं कार्डातला शब्द पाळला. पाच महिने पाळला, अगदी प्रामाणिकपणे. खोकला थांबला होता, वजन वाढलं होतं, मध्ये एकदा येऊन तुम्हाला बोरं देऊन गेली होती. तुम्ही माझ्याकडं बघून भुवया उडवल्या होत्या. पाहा, मास्तरीणबाई.

वेचणी अजून संपली नाही हे तुमच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. धोब्याकडं गेलेल्या रुमालांचीसुद्धा यादी ठेवते मी.

होळीनंतर लाल गोळी सुरू केलीत. तोपर्यंत बाकीच्यातली मुख्य गोळी निकामी झाली होती, त्यामुळं लाल गोळी आत जाऊन एकटी पडली. मग तीही गेली. वर्षाच्या आत नजमा रक्त ओकत आली आणि दोन्ही मोठी औषधं तिच्यावर चालेनाशी झाली होती. त्यानंतर दोन वर्षांचं ते भयंकर औषध, कितीतरी महिने रोज एक इंजेक्शन. आधी कानात घुंगरं वाजतात म्हणायची. मग म्हणाली, आता वाजत नाहीत. मग कळलं की काहीच वाजत नाही. ती वाचली, पण त्या इंजेक्शनांनी चौतिसाव्या वर्षी ठार बहिरी झाली.

तुम्ही औरंगाबादहून तिच्यासाठी कानात घालायचं यंत्र आणलंत. उपयोग झाला नाही. त्यानंतर धाडकडं जाताना तुम्ही पिंजाऱ्यांच्या गावाचा रस्ता सोडलात आणि लांबच्या रस्त्यानं जायला लागलात. मला वाटायचं तुम्ही कधीतरी बोलाल. इतकंच म्हणाल की चुकलं. मी त्या तीन अक्षरांसाठी किती वर्षं थांबले हे तुम्हाला ठाऊक आहे का?

एकदा जवळ आला होतात. बीटीच्या थैलीत साध्या कापसाच्या बियांची एक छोटी पुडी वेगळी यायची. शेताच्या कडेनं ती लावा, नाहीतर अळीला बीटीच्या झाडातल्या विषाची सवय होईल, असं थैलीवर छापलेलं. मी ते वाचून दाखवलं होतं. आपल्या आठ एकरांत ती पुडी कधी लागली नाही. फुकटची जागा काऊन अडवायची, म्हणालात, आणि सगळ्या तालुक्यानं तेच केलं. बऱ्याच वर्षांनी गुलाबी बोंडअळी आली. ओसरीवर बसून तुम्ही नखानं बोंड उकललंत, आत अळी वळवळत होती, आणि तुम्ही म्हणालात, "ते पुडी लावायले पायजे होती. तू सांगत होतीस." मी हातातलं काम टाकून थांबले. वाटलं, आता पुढचं वाक्य येईल. तुम्ही बोंड अंगणात फेकलंत आणि आत गेलात. अळीचं कबूल केलंत, गोळीचं नाही.

आपलं शेवटचं भांडण तुम्ही जायच्या महिनाभर आधीचं. नजमा एकटी नव्हती. ज्या ज्या वेचणाऱ्या बाईनं, ज्या ज्या फवारणाऱ्या माणसानं लाल गोळीची धास्ती घेतली, त्याला तुम्ही तीच सवलत दिलीत, आणि दर वेळी मी ती लिहून ठेवली. ती सगळी कार्डं मी कपाटातून वेगळी काढून तुमच्यापुढं ठेवली. म्हटलं, यांना शोधू या, तपासायला पाठवू या, यांच्या घरात कोण खोकतं ते विचारू या.

तुम्ही गठ्ठ्याला हात लावला नाहीत. म्हणालात, जगले ते जगले, इतक्या वर्षांनी मढं काऊन उकरतं. मी सोडलं नाही. तेव्हा तुम्ही खरं कारण सांगितलंत. "डॉक्टर चुकला म्हनून गावभर झालं, तर उद्या लेकराले ताप आला तरी लोकं दवाखान्यात यायचे नाहीत. मंतर मारणाऱ्याकडं जातीन. ते तुले चालन?"

याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडलात. आपण तिथंच थांबलो.

आता माझ्याकडं उत्तर आहे, आणि ते सलीमनं आणून दिलं.

नवव्या दिवशी तो आणि नजमा बसायला आले. नजमा तुमच्या फोटोसमोर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "देवमाणूस होते." बहिऱ्या माणसाचा आवाज तसाच येतो, खोलीभर. बायकांनी डोळे पुसले. सलीम दारापाशी उभा राहून खोकत होता. मी त्याला विचारलं, किती दिवस झाले? म्हणाला, दोनेक महिने, आन् आता चिंता नाही बाई, तीन आठवडे झाले गोळ्या खाऊन राह्यलो. कोणी दिल्या? त्यानं खिशातून कार्ड काढलं.

नजमाचं कार्ड. त्यांनी ते प्लास्टिकात मढवून घेतलं होतं. तुम्ही आजारी आहात म्हणून तुम्हाला त्रास नको, असा विचार करून तो ते कार्ड घेऊन दुकानात गेला आणि दुकानदारानं त्यावरच्या गोळ्या दिल्या, लाल सोडून. माझं अक्षर चिखलीत आजही चालतं.

मी त्याला म्हटलं, या गोळ्या आजपासून बंद, उद्या माझ्याबरोबर बुलढाण्याला सरकारी केंद्रात चल. तो हसला, अगदी आदरानं. "डॉक्टरसाहेब गलत लिहून देतीन काय बाई? नजमाले याच कार्डानं आराम पडला होता. बिमारी तं नंतर पलटली." मी सांगितलं की ती पलटली याच कार्डानं. त्यानं कानांना हात लावले. मय्यतीच्या घरात असं बोलू नये, म्हणाला, तुमची तब्येत ठीक नाही, आराम करा.

लोकांचा भरवसा उडेल, असं तुम्ही म्हणाला होतात ना? भरवसा असा असतो. तो माणूस त्यावर मरायला निघाला होता.

तेव्हा मी नजमाकडं वळले. तिला बोललेलं ऐकू येत नाही, पण चौथीपर्यंतचं वाचता येतं. मी आत जाऊन कागद आणला आणि बसायला आलेल्या सगळ्या बायकांसमोर लिहिलं. लाल गोळी बंद करायला नको होती. त्यामुळं रोग परत आला. सलीमच्या गोळ्या थांबवा. मराठीत, टपोऱ्या अक्षरात.

तिनं सलीमच्या हातून कार्ड घेतलं आणि माझ्या कागदाशेजारी जमिनीवर ठेवलं. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. अक्षर एकच आहे हे तिला कळायला वेळ लागला नाही. मी वाट पाहत होते की ती विचारेल, साहेब चुकले? ते तिनं विचारलंच नाही. ती माझ्याकडं बघून त्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमाले मालूम होतं?"

मी मान हलवली. होतं.

तुम्हाला सांगते, तुमचा राग करणं त्या क्षणापर्यंत सोपं होतं.

नजमा उठली, कार्ड कमरेला खोचलं, सलीमच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "उद्या याले घेऊन चला मंग." जाताना 'येतो' म्हणायचं नसतं अशा घरातून. तिनं माझ्याकडं न पाहता चपला घातल्या.

दहाव्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा तुमचे धाकटे भाऊ दारात आडवे उभे होते. तेरवीपर्यंत उंबरा ओलांडू नका वहिनी, लोकं काय म्हनतीन. मी म्हटलं, भाऊजी, लोक काय म्हणतील या विचारानं मी वीस वर्षं गप्प बसले, आता बाजूला व्हा. ते बाजूला झाले. त्या कार्डांच्या गठ्ठ्याची पिशवी माझ्या हातात होती. चिखलीहून बुलढाण्यापर्यंत आम्ही तिघं एसटीत एकाच बाकावर बसलो. सलीम खोकला की मी खिडकी आणखी उघडायची.

केंद्रात एक तरुण बाई टेबलाशी फॉर्म भरत होती. तिनं सलीमला थुंकीसाठी डबी दिली. आता यंत्र आहे, म्हणाली, लाल गोळी लागू पडते की नाही ते त्यातच कळतं. मग रकाने भरायला घेतले. या आधीच्या गोळ्या कोणी लिहून दिल्या? सलीम माझ्याकडं बघायला लागला. तुमचं नाव त्याच्या तोंडून निघेना. नजमानं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, पण त्यावर फक्त माझं अक्षर आहे, तुमची सही प्लास्टिकाखाली कधीच पुसून गेली आहे.

मी नाव सांगितलं, पूर्ण, पदवीसकट.

त्या मुलीनं मान वर केली. ती धाडकडचीच निघाली. तिच्या आईला तुम्ही बरं केलं होतं. म्हणाली, ते तर आत्ताच गेले ना, मी खासगी दवाखाना एवढंच लिहिते. ती भलेपणानंच म्हणत होती, जसं आपल्याकडं सगळे सगळं भलेपणानं करतात.

"नाव लिही," मी म्हटलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"त्यांची कार्डं लिहायची ती."

मी पिशवीतला गठ्ठा काढून तिच्यापुढं ठेवला आणि सांगितलं की यातला प्रत्येक माणूस शोधायचा आहे, गावं मी सांगेन. तिनं वरचं कार्ड वाचलं, मग खालचं. मग फॉर्म ओढून त्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं. त्याखाली मी तिला माझंही लिहायला लावलं.

सलीम डबी घेऊन बाहेर उघड्यावर गेला. त्याचा खोकला आतपर्यंत ऐकू येत होता. नजमाला तो ऐकू येत नव्हता. ती खिडकीच्या गजांना धरून उभी होती आणि त्याची पाठ हलताना पाहत होती.